वाचकांचे प्रश्न : सहाव्या मुलीचं काय?

मागच्या अंकात अमेरिकेतल्या कॉलेज जिम्नॅस्टिक्सबद्दल दोन परिच्छेद लिहिले होते, की जानेवारी २०२६ मध्ये त्यांचा नवा सीझन सुरू होतोय आणि आपल्याकडच्या कॉलेजच्या मुलांनी तो बघण्यासारखा आहे, बस एवढंच. त्यावर अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत एवढे प्रश्न आले की हा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. क्रिकेटवाल्यांनी एक महिना थांबा प्लीज.

प्रश्न : सर, ते "रीजनल" म्हणजे नक्की काय असतं? आपल्या विभागीय स्पर्धेसारखंच का, म्हणजे जिल्हा मग विभाग मग राज्य? (दापोली)

नाव सारखं वाटतं पण प्रकार वेगळा आहे. आपल्याकडे तुम्ही कुठल्या जिल्ह्यातले त्यावर तुमचा विभाग ठरतो. तिकडे मुलींच्या टीम जानेवारीपासून दर आठवड्याला एकमेकींच्या गावी जाऊन स्पर्धा करतात, आणि त्या स्कोअरवरून रँकिंग बनतं. ते काढायची पद्धत मला फार आवडते, टीमचे सगळ्यात चांगले सहा स्कोअर घ्यायचे, त्यातले किमान तीन परक्या मैदानावरचे पाहिजेत, मग त्या सहातला सगळ्यात मोठा काढून टाकायचा आणि उरलेल्या पाचांची सरासरी. म्हणजे घरच्या पब्लिकसमोर एकदा जोरात स्कोअर लागला म्हणून तुम्ही वर जात नाही.

अशा रँकिंगने ३६ टीम निवडतात आणि चार ठिकाणी नऊ-नऊ वाटतात. वरच्या १६ टीमना सीडिंग असतं (म्हणजे रँकिंग बघून त्यांची जागा ठरते), बाकीच्यांना शक्यतो जवळचं ठिकाण देतात. नऊपैकी दोघींची आधी एक लढत, त्यातली एक आत, मग आठ उरल्या की चार-चारचे दोन गट, प्रत्येक गटातून दोन, त्या चौघींची रीजनल फायनल आणि त्यातून दोन टीम पुढे. चार ठिकाणांहून दोन-दोन म्हणजे आठ टीम नॅशनलला, तिथे परत दोन सेमी आणि शेवटी चार टीमची फायनल. २०१९ पासून हे असं चालू आहे, त्याआधी सहा रीजनल असायच्या आणि नॅशनलला बारा टीम जायच्या. आठ केल्यापासून जास्तच कडक झालंय, कारण तीन महिने उत्तम खेळून एका संध्याकाळी बीमवरून (तोल सांभाळत कसरत करायची अरुंद पट्टी) दोन मुली पडल्या की विषय संपला.

प्रश्न : माझी मुलगी यूट्यूबवर हे बघत असते. तिथे ९.९, ९.९५ असे मार्क येतात आणि आपल्या दीपा कर्माकरला रिओत १५.०६६ मिळाले होते. मग दीपा जास्त भारी झाली ना? आणि टीमचे १९८ कुठून येतात? (अलिबाग)

दीपा भारी आहेच, पण त्यासाठी हा हिशोब नको, दोन्ही मोजपट्ट्याच वेगळ्या आहेत. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत २००६ पासून दहापैकी मार्क ही पद्धत बंद झाली, आता कसरत किती अवघड त्याचे वेगळे मार्क आणि किती स्वच्छ केली त्याचे दहापैकी वेगळे, दोन्हींची बेरीज. दीपा २०१६ ला जो प्रोडुनोव्हा (व्हॉल्ट, म्हणजे धावत येऊन टेबलावर हात टेकून मारायची उडी, त्यातला एक फार अवघड प्रकार) मारायची त्याच्या अवघडपणालाच ७.० होते. दोन व्हॉल्टची सरासरी १५.०६६ आली, चौथा नंबर आणि ब्राँझ ०.१५० ने हुकलं. अजून आठवलं की वाईट वाटतं.

अमेरिकन कॉलेजवाल्यांनी मात्र जुने दहा मार्क ठेवले. त्यामुळे तिथे मुली मरणाचं अवघड करत बसत नाहीत, दहा मार्कांची किंमत भरेल एवढं रूटीन बनवतात आणि ते काचेसारखं स्वच्छ करायच्या मागे लागतात. लँडिंगला पाय जरासा सरकला की डिडक्शन, पडलं तर अर्धा मार्क गेला (आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पडल्यावर अख्खा एक जातो). म्हणून ९.९ आणि ९.८ मधला फरक बघायला डोळा तयार व्हावा लागतो, मुलीला सांगा उडी बघू नको, पाय जमिनीला लागल्यावर काय होतं ते बघ.

आणि टीमचा स्कोअर. व्हॉल्ट, अनइव्हन बार (एक उंच, एक खाली असे दोन दांडे), बीम, फ्लोअर अशी चार साधनं, प्रत्येकावर सहा मुली करतात आणि सगळ्यात चांगल्या पाच धरतात. आपल्या दहावीचं बेस्ट ऑफ फाइव्ह आठवा, विषय सहा, टक्के पाचांचे, अगदी तसंच. पाच गुणिले दहा गुणिले चार म्हणजे २००. आता १९८ म्हणजे काय ते बघा, वीस रूटीन मिळून फक्त दोन मार्क गमावलेत. २०२५ ची फायनल ओक्लाहोमाने १९८.०१२५ वर जिंकली, दुसऱ्या आलेल्या यूसीएलएचे (लॉस एंजेलिसचं विद्यापीठ) १९७.६१२५ होते.

प्रश्न : मग २०२६ ला कोण? सरळ नाव सांगा, "सगळ्याच टीम चांगल्या आहेत" असं नको. (कणकवली)

सरळ सांगतो, ओक्लाहोमा. २०२५ चं धरून त्यांची सात विजेतेपदं झालीत. २०२५ ची ऑलराउंड (चारही साधनं मिळून) विजेती जॉर्डन बॉवर्स कॉलेज संपवून गेली हे खरं, पण फेथ टोरेस आहे, आणि मुख्य म्हणजे त्यांची सहावी मुलगी दुसऱ्या टीमच्या दुसऱ्या-तिसऱ्या मुलीच्या तोडीची असते. मी टीम बघताना स्टारकडे बघतच नाही, सहाव्या मुलीकडे बघतो. सहावी जर ९.८५ ची असेल तर एखादी पडली तरी टीमला घाम फुटत नाही, तिचा स्कोअर काढून टाकतात आणि पुढे चालू. सहावी ९.६ ची असेल तर बाकीच्या पाचजणी आधीपासूनच घाबरून करतात, आणि घाबरून बीमवर चढलं की काय होतं ते सगळ्यांना माहितीय.

एलएसयूने (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) २०२४ ला पहिल्यांदा नॅशनल जिंकलं आणि २०२५ ला सगळ्यांच्या वर असताना सेमीतच बाहेर. त्यांच्याकडून हेली ब्रायंट, अलिया फिनेगन अशा मोठ्या मुली गेल्यात, आता भार कायलिन चिओवर, जिने पहिल्याच वर्षी छाप पाडली. टीम तरुण आहे, मला वाटतं जानेवारीत धडपडतील आणि मार्चपर्यंत खतरनाक होतील. यूसीएलएकडे पॅरिसच्या गोल्ड मेडल टीममधली जॉर्डन चाइल्स आहे, पण बरोबरच्या सीनियर बऱ्याच गेल्या, तेव्हा एकटी चाइल्स किती ओढणार हा प्रश्न आहे. मिझुरी २०२५ ला तिसरी आली हे बऱ्याच जणांना अजून खरं वाटत नाही, पण बीमची विजेती हेलन हू आता नाहीये, तिथे खड्डा दिसेल. युटा १९८२ पासून एकदाही नॅशनल चुकलेली नाही, त्यामुळे त्यांना रीजनलमधून बाहेर धरायची माझी हिंमत नाही. फ्लोरिडा, अलाबामा, मिशिगन स्टेट या आठाच्या आसपास असतीलच.

एक धोक्याची सूचना. २०२४ ला नंबर एक ओक्लाहोमा व्हॉल्टवर पडून सेमीत गेली, २०२५ ला नंबर एक एलएसयू सेमीत गेली. तेव्हा माझ्या नावावर पैज लावू नका.

प्रश्न : तुम्ही अमेरिकेचं लिहिता, आमच्या कोकणातल्या कॉलेजांचं काय? आमच्या कॉलेजमधून यंदा दोन मुली आणि एक मुलगा विद्यापीठाच्या स्पर्धेला जायचं म्हणतायत. काही चान्स आहे का? (देवरुख, नाव छापू नये)

या पत्रासाठीच खरं तर कॉलम लिहायला घेतला.

आधी आपला नकाशा समजून घ्या, कारण गोंधळ तिथेच आहे. बारावीपर्यंत तुमची मुलं शालेय क्रीडा स्पर्धा खेळतात, ज्युनिअर कॉलेज त्यातच येतं, आणि त्यात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे कोल्हापूर विभागात आहेत. म्हणजे कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या मुलांशी गाठ. बारावी झाली, एफवायला अ‍ॅडमिशन घेतलं की तीच मुलगी मुंबई विद्यापीठात येते, कारण विद्यापीठाची हद्द पालघर-ठाण्यापासून पार सिंधुदुर्गापर्यंत आहे, आणि आता तिची गाठ मुंबई-ठाण्याच्या मुलींशी, ज्या लहानपणापासून पूर्ण हॉलमध्ये, स्प्रिंगच्या फ्लोअरवर, रोज दोन-तीन तास करत आल्यात. ठाण्याची संयुक्ता काळे आठवा, खेलो इंडियात रिदमिकची (चेंडू, रिबन वगैरे हातात घेऊन करायचं जिम्नॅस्टिक्स) सगळीच्या सगळी गोल्ड घेऊन गेली होती, त्या गावात ती एकटीच नाही, तिच्या मागे लाइन आहे. प्रतिस्पर्धी बदलले, प्रवास बदलला, घाट चढून जायचं त्याऐवजी कोकणकन्येत रात्र काढायची, आणि हे सगळं अठराव्या वर्षी, ज्या वयात आपल्याकडे बहुतेक मुली खेळ सोडून देतात.

तेव्हा वैयक्तिक मेडलचा चान्स यंदा कमी, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. पण टीम म्हणून उभं राहायचा चान्स आहे आणि तो कोणी घेत नाही याचा मला राग येतो. आपल्या कॉलेजांमध्ये काय होतं, एक मुलगी चांगली असते, डीपीई सर (कॉलेजचे शारीरिक शिक्षणाचे सर) तिचा एलिजिबिलिटी फॉर्म भरतात, ती जाते, अकरावी-बारावी येते, परत येते, वर्तमानपत्रात दोन ओळी. पुढच्या वर्षी ती टीवायला, त्याच्या पुढच्या वर्षी ती नाही आणि जिम्नॅस्टिक्सही नाही. तुमच्याकडे दोन मुली आहेत म्हणजे तुम्ही आजूबाजूच्या कॉलेजांच्या पुढेच आहात. आता तिसरी, चौथी शोधा. कुठे? शाळेत मल्लखांब केलेल्या, कबड्डीत चपळ असलेल्या, डान्सच्या ग्रुपमधल्या मुली एफवायच्या वर्गात बसलेल्या असतात, त्यांना कोणी विचारलेलं नसतं. अठराव्या वर्षी शून्यापासून अनइव्हन बार शिकवणं अवघड आहे, ते डोक्यातून काढा. पण फ्लोअरवर राउंडऑफ, हँडस्टँड, वॉकओव्हर, आणि एक साधा स्वच्छ व्हॉल्ट हे वर्षभरात नीट होतं. टीमचा स्कोअर ही बेरीज असते, शून्याच्या जागी आठ मार्क आले की बेरीज कुठल्या कुठे जाते.

वेळापत्रकही आपलं आपण बघायला लागतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस, मध्ये गणपती, गणपतीत कॉलेजचा हॉल सोडा पोरंसुद्धा सापडत नाहीत, मग सेमिस्टरची परीक्षा. कोणी ऑक्टोबरमध्ये जागं होऊन टीम बनवायला घेतली तर ती टीम नसते, ती सहल असते. जूनमध्येच सुरुवात करा, पावसात बाहेर काही करता येत नाही तेव्हा ताकद आणि लवचिकता करून घ्या, त्याला साधन लागत नाही, गाद्या आणि भिंत पुरते. दिवाळीच्या सुट्टीत चार-पाच दिवस कुठल्यातरी पूर्ण हॉलमध्ये कॅम्प काढा. चिपळूणजवळ डेरवणचं क्रीडासंकुल आहे, तिथे विचारून बघा, नाहीतर सरळ ठाण्याला जा, पण स्पर्धेच्या आधी मुलींचे पाय एकदा तरी खऱ्या फ्लोअरला लागले पाहिजेत. सतरंजीवर शिकलेली मुलगी स्प्रिंगच्या फ्लोअरवर पहिल्यांदा उडी मारते तेव्हा तिला स्वतःलाच कळत नाही आपण कुठे उतरणार.

आणि हो, मुलाला विसरू नका. मुलांची साधनं सहा असतात, फ्लोअर, पॉमेल हॉर्स, रिंग्ज, व्हॉल्ट, पॅरलल बार, हाय बार. एका मुलाने सहाही करायचा हट्ट धरू नये. व्हॉल्ट आणि फ्लोअर धरा.

प्रश्न : सर, माझा चेडू नऊ वर्षांचा आसा, मोबाईलवर बघून घरात कोलांट्यो मारता. तेका शिकवूचा आसा पण हय जवळपास हॉल खय दिसणा नाय. आता काय करूचा? (वेंगुर्ला)

ताई, नऊ वर्षं म्हणजे उशीर झालेला नाही, पण घरात फरशीवर कोलांट्या आजपासून बंद. मानेवर भार आला तर आयुष्यभराचं दुखणं होतं. हॉल नसेल तर जवळ मल्लखांब किंवा योगासनं नीट शिकवणारे कोणी असतील त्यांच्याकडे घाला, दोन वर्षं ताकद आणि तोल तयार होऊ दे.

शिकवणाऱ्याकडे जाऊन एक तास नुसत्या बसा आणि बघा. नवीन उडीला तो मुलीच्या बाजूला हात देऊन उभा राहतो का? गाद्यांमध्ये फटी आहेत का? स्प्लिट होत नाही म्हणून कोणी मुलीच्या पाठीवर बसून दाबतंय का? असं दिसलं तर तिथूनच घरी या, कितीही मोठं नाव असू दे. पटियाळ्याचा एनआयएस (राष्ट्रीय क्रीडा संस्था) डिप्लोमा केलेला कोच मिळाला तर उत्तम. आणि पालकांना आत बसून बघायची बंदी असेल तर तेही मला चालत नाही.

प्रश्न : आमच्या व्यायामशाळेत हाय बार आणि पॅरलल बार आहेत, पण खाडी जवळ असल्यामुळे दरवर्षी गंज. रंग मारला तर चालेल का? (गुहागर)

सांगाड्याला मारा, जिथे हात धरतो त्या बारला अजिबात नको, रंगावर हात सटकतो. खाऱ्या हवेत खरा धोका बारला नसतो, तो ताणलेल्या केबलला, साखळ्यांना आणि आट्यांच्या हुकांना असतो. वरून नुसता तांबूस रंग दिसतो आणि आतल्या तारा तुटलेल्या असतात. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर केबल उघडून हाताने (हातमोजा घालून) चाचपा, एक जरी तार टोचली तर केबल बदला, दुरुस्ती नाही. आट्यांना ग्रीस, बारला रोज कोरडं फडकं, चॉक (हाताला लावायची पांढरी पूड) साचू देऊ नका कारण त्यात ओल धरते. गाद्या जमिनीला टेकवून ठेवू नका, खाली लाकडी फळ्या टाका आणि ऊन पडेल तेव्हा उभ्या करून वाळवा. बुरशी आलेली गादी मऊ लागते म्हणून पोरांना आवडते, पण आतला फोम मेलेला असतो.

प्रश्न : खेळाच्या कोट्यातून नोकरी मिळते हे खरं का? (रत्नागिरी)

राज्य सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी ठराविक पातळीची स्पर्धा आणि मेडल लागतं आणि सर्टिफिकेटची पडताळणी होते. नुसतं भाग घेतल्याचं सर्टिफिकेट घेऊन रांगेत उभे राहू नका. सगळी सर्टिफिकेटं मात्र पहिल्या दिवसापासून फाइलला लावून ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत, आपल्या हवेत कागद टिकत नाही.

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षं मल्लखांब करतोय. कॉलेजला गेल्यावर त्याने जिम्नॅस्टिक्सला वळावं का? सगळे म्हणतात मल्लखांबला भविष्य नाही. (मालवण)

"सगळे" कोण ते मला एकदा भेटायचंय. २०१९ ला शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली, खेलो इंडिया युथ गेम्समध्ये मल्लखांब आला, २०२२ च्या नॅशनल गेम्समध्ये आला, २०२४ ला मल्लखांबाचे प्रशिक्षक उदय देशपांडे सरांना पद्मश्री मिळाली. आंतरविद्यापीठ स्पर्धाही होते. कोकणातल्या कॉलेजला मुंबई-ठाण्याशी बरोबरीने भिडायचं असेल तर मला विचाराल तर जिम्नॅस्टिक्सपेक्षा मल्लखांब हा जवळचा रस्ता आहे. एक पुरलेला खांब, एरंडेल तेल, एक दोरी आणि एक शिकवणारा माणूस, एवढ्यात टीम उभी राहते. स्प्रिंगच्या फ्लोअरला लाखांत पैसे लागतात.

तरी मुलाची इच्छा असेल तर वळू दे, त्याच्याकडे पकड आहे, पोटाची ताकद आहे, उलटं असताना डोकं ठिकाणावर राहतं, हे विकत मिळत नाही. अडचण दोन ठिकाणी येईल. मल्लखांबात शरीर खांबाला चिकटून असतं, हाय बारवर ते लांब, सरळ ठेवून झुलायचं असतं, ती सवय मोडायला वेळ लागतो. आणि दसरंग (मल्लखांबातली एक कसरत) उत्तम करणाऱ्या मुलाचंही लँडिंग बऱ्याचदा कच्चं असतं, कारण खांबावर सगळं लक्ष पकडीकडे. गुडघे वाचवायचे तर पहिले सहा महिने फक्त उतरणं शिकवा. मल्लखांब मात्र सोडायला लावू नका, दोन्ही चालू दे.

प्रश्न : अमेरिकेच्या त्या कॉलेजांत स्कॉलरशिप मिळते म्हणे. माझी मुलगी राज्यस्तरावर खेळली आहे, आता दहावीत आहे. काय करावं लागेल? (चिपळूण)

बाहेरच्या देशांतल्या मुली तिथे खेळतात, तेव्हा दार बंद नाही. पण राज्यस्तर पुरेसा नाही, चार साधनांपैकी निदान दोन-तीनवर तिकडच्या मुलींच्या तोडीचं रूटीन लागतं, आणि ते व्हिडिओवर दिसावं लागतं, कारण तिथला कोच डेरवणला येऊन बघणार नाहीये. मुलीच्या प्रत्येक रूटीनचा न कापलेला व्हिडिओ, बाजूने घेतलेला, गाणं न लावता, जमवायला लागा. शाळेचे मार्क लागतात, हौशी खेळाडू असल्याची नोंदणी आणि तपासणी होते, इंग्रजीची परीक्षा असते. आणि कोणी एजंट "नक्की सीट देतो, आधी पैसे भरा" म्हणाला तर फोन ठेवा. कोच स्वतः मुलीशी बोलतो, तो पैसे मागत नाही.

मुलीला हे हवंय की तुम्हाला, तेही एकदा विचारून घ्या.

प्रश्न : हे सगळं बघायचं कधी? तिकडची वेळ कळत नाही. (खेड)

त्यांच्या मोठ्या लढती बहुतेक शुक्रवारी संध्याकाळी असतात. जानेवारी-फेब्रुवारीत टेक्सास, ओक्लाहोमा, लुइझियानाकडची वेळ आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे, म्हणजे तिकडचे शुक्रवारचे सात वाजले की आपल्याकडे शनिवारी सकाळचे साडेसहा, चहा घेऊन आरामात बसा. मार्चमध्ये ते घड्याळ एक तास पुढे करतात, मग फरक साडेदहा तासांचा, त्यामुळे रीजनलच्या वेळी तुम्हाला एक तास आधी उठायला लागेल. नॅशनलची फायनल मात्र एप्रिलमधल्या शनिवारी दुपारी असते, २०२६ ची टेक्सासमध्ये फोर्ट वर्थला, आणि आपल्याकडे तेव्हा रविवारची मध्यरात्र उलटून गेलेली असते. ती थेट बघायची की सकाळी उठून यूट्यूबवर, ते तुमच्याकडे वीज आणि नेट रात्री टिकतं का त्यावर ठरवा.